कोल्हापूर ते नागपूर : सातशे किलोमीटर आणि तिकिटावरची वेळ यांचा हिशेब

कोल्हापूरहून रेल्वेने नागपूरला निघालेला माणूस महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि मिरज, सातारा, पुणे, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा अर्ध्या राज्याला वळसा घालत, एक अख्खी रात्र आणि जवळजवळ एक दिवस खर्चून, सुमारे बाराशे किलोमीटरनंतर नागपूरला उतरतो. तोच माणूस मोटारीने सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या मार्गाने गेला, तर अंतर आठशेच्या थोडे पुढे भरते. विमानाच्या बाबतीत मात्र कोणतेही संकेतस्थळ याच दोन गावांमधले अंतर सातशे किलोमीटर सांगते. आकडे तीन असले तरी तिन्ही खरे आहेत. रूळ, रस्ता आणि हवा यांची वाट वेगळी, एवढेच.

खरा गोंधळ विमानाच्या आकड्यापाशी सुरू होतो. नागपूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, “मामा, अंतर सातशे आणि जेट विमानाचा वेग ताशी आठशे. म्हणजे पन्नास-पंचावन्न मिनिटांत पोहोचायला हवं. मग तिकिटावर एवढा वेळ का लावतात?” त्याचा भागाकार बरोबर होता. चूक होती ती भागाकाराच्या दोन्ही आकड्यांमध्ये, कारण विमान त्या सातशे किलोमीटरच्या रेषेवरून बहुधा जात नाही आणि ताशी आठशेच्या वेगाने तर वाटेचा जेमतेम अर्धा भाग कापते.

आधी अंतर कसे काढतात ते पाहू, कारण ते घरी वहीवर करता येते. कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ उजळाईवाडीला, सुमारे १६.६६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ सोनेगावला, २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. म्हणजे नागपूर कोल्हापूरपेक्षा ४.४३ अंश उत्तरेला आणि ४.७६ अंश पूर्वेला पडते. वैमानिक आणि खलाशी ज्या सागरी मैलात अंतर मोजतात, त्याची मूळ कल्पना अशी की अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. आज त्याची लांबी १,८५२ मीटर अशी ठरलेली आहे. त्यामुळे उत्तरेकडचे अंतर ४.४३ गुणिले ६०, म्हणजे २६६ सागरी मैल झाले.

पूर्वेकडचे अंतर काढताना एक पाऊल जास्त टाकावे लागते. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, संत्र्याच्या फोडी देठापाशी निमुळत्या होतात तशा. आपल्या दोन गावांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.९ अंशांवर, रेखांशाचा एक अंश साठ सागरी मैलांचा न राहता त्याच्या ०.९४६ पट, म्हणजे ५६.८ मैलांचा होतो. शाळेत ज्या कोज्येचा, म्हणजे कोसाइनचा, उपयोग काय असे आपण विचारत होतो, ती इथे उपयोगी पडते. ४.७६ गुणिले ५६.८ म्हणजे २७० मैल. आता एक बाजू २६६ आणि दुसरी २७० असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की ३७९ सागरी मैल येतात आणि त्यांना १.८५२ ने गुणले की ७०२ किलोमीटर. पृथ्वी नेमकी गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे धरून काटेकोर गणित केले तरी उत्तर एखाद्या किलोमीटरने बदलते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की याच रीतीने मोजले, तर मुंबई ते नागपूर ६८० किलोमीटर भरते. म्हणजे हवेतल्या मोजणीत कोल्हापूर नागपूरपासून मुंबईपेक्षाही थोडे लांब आहे, आणि हे कोल्हापूरकरांना सांगितले तर सहसा पटत नाही.

ही रेषा कुठून जाते, हे महाराष्ट्राच्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून पाहण्यासारखे आहे. उजळाईवाडीहून निघालेला दोरा सांगलीच्या थोडा वरून जातो, सांगोल्याजवळून पुढे सरकून जवळजवळ पंढरपूरवर येतो, धाराशिवला बगल देऊन अंबाजोगाई आणि परळी डाव्या हाताला ठेवतो, हळदीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतच्या डोक्यावरून जातो, पुसद आणि उमरखेड यांच्या मधून विदर्भात शिरतो आणि यवतमाळ व वर्धा यांना चाटून सोनेगावला पोहोचतो. कृष्णा, भीमा, गोदावरी आणि पैनगंगा या चारही नद्या वाटेत ओलांडल्या जातात. रेल्वेमार्ग मात्र पुणे आणि मनमाड गाठण्यासाठी या दोऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर जातो, कारण रूळ टाकले गेले तेव्हा कोल्हापूरला नागपूरशी जोडणे हा कुणाचा हेतूच नव्हता.

दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नकाशावर सरळ दिसत नाही, ती वक्र दिसते, असे अनेकांनी ऐकलेले असते. ते खरे आहे. गोलावरची सर्वांत जवळची वाट ही मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते, आणि म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे कमानीसारखी उचललेली दिसते. पण सातशे किलोमीटरच्या प्रवासात ही कमान मधोमध फार तर दोन-अडीच किलोमीटर बाजूला सरकते आणि अंतरात शंभर मीटरांचाही फरक पडत नाही. राज्यातल्या राज्यात उडणाऱ्या विमानाबद्दल बोलताना पृथ्वीच्या गोलाईचे कारण पुढे करणे म्हणजे उगाच विद्वत्ता दाखवणे होय.

विमान दोऱ्यावरून जात नाही याची कारणे वेगळी आहेत. हवेतही वाटा आखलेल्या असतात. नकाशावर ठरावीक अक्षांश-रेखांशांचे बिंदू निवडून त्यांना पाच अक्षरी, उच्चारता येतील अशी, पण बहुधा अर्थ नसलेली नावे दिलेली असतात आणि विमान एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे जात राहते. लष्करी सरावाचे आणि इतर निर्बंधित भाग टाळावे लागतात, समोर पावसाळी ढगाचा मोठा मनोरा उभा असेल तर त्याला दूरवरून वळसा घालावा लागतो, आणि नागपूरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानांखेरीज देशाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणाऱ्या विमानांचीही ये-जा असल्याने नियंत्रण कक्षाचे ऐकून थांबावे किंवा वळावेही लागते. तरीही ही वाढ वाटते तेवढी नसते. सातशेचे सातशे पस्तीस झाले, तर ताशी आठशेच्या वेगाने ते जास्तीचे पस्तीस किलोमीटर तीन मिनिटांच्या आत कापले जातात.

त्यापेक्षा जास्त वेळ धावपट्टीच्या दिशेत जातो, आणि प्रवाशाच्या हे सहसा लक्षात येत नाही. विमान वाऱ्याला तोंड करून उडते आणि वाऱ्याला तोंड करूनच उतरते. कोल्हापूरच्या धावपट्टीच्या दोन टोकांवर ०७ आणि २५ असे आकडे रंगवलेले आहेत. त्यांना दहाने गुणले की त्या टोकाकडून धावणारे विमान होकायंत्रावर ७० अंशांकडे, म्हणजे पूर्वेच्या थोडे उत्तरेला, तोंड करून असते की २५० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेच्या थोडे दक्षिणेला, हे कळते. नागपूर कोल्हापूरच्या बरोबर ईशान्येला, सुमारे ४५ अंशांवर आहे. पूर्वेकडे तोंड करून उड्डाण झाले, तर थोडेसे डावीकडे वळले की काम झाले. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येत असतो, विमानाला पंचगंगेच्या खोऱ्याकडे, म्हणजे नागपूरकडे पाठ करून उडावे लागते आणि मग जवळजवळ पूर्ण मागे फिरावे लागते. यात दोन ते चार मिनिटे जातात. नागपूरची धावपट्टी तर १४ आणि ३२ अशी, म्हणजे आग्नेय-वायव्य आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या आपल्या विमानाला ती आडवी पडते. वारा कोणताही असो, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी शहराच्या एका बाजूला दूर जाऊन काटकोनात वळल्याशिवाय गत्यंतर नाही. खिडकीतून नागपूर दिसू लागले आणि तरीही विमान पुढेच निघून चालले, असे वाटते ते यामुळे.

आता वेगाकडे येऊ. विमानाचा वेग म्हणून जो आकडा सांगितला जातो तो उंचावर पोहोचल्यानंतरचा असतो. ७६ आसनांचे एम्ब्रेअर १७५ हे जेट उंचावर ताशी ४३० ते ४४० नॉट, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटर, वेगाने जाते. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. पण दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटांची मर्यादा पाळली जाते, आणि चढताना इंजिनांची ताकद उंची मिळवण्यातही खर्च होत असते. चढाईला सुमारे अठरा मिनिटे लागली, तर तेवढ्यात शंभर सागरी मैल कापले जातात. खाली येण्याचा वैमानिकांचा तोंडी हिशेब असा की दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल आधीपासून उतरायला सुरुवात करायची. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. विमान २९,००० फुटांवर असेल, तर २८ हजार फूट उतरण्यासाठी ८४ मैल आणि वेग कमी करण्यासाठी आणखी पाच-दहा, असे नव्वद मैल, म्हणजे सुमारे १६५ किलोमीटर आधी उतरण सुरू होते. आपल्या दोऱ्यावर ही जागा पुसदच्या पलीकडे, यवतमाळच्या अलीकडे येते. इंजिनांचा आवाज अचानक मंदावतो आणि कानांत दडे बसू लागतात ते इथे. गोंधळण्याचे कारण नाही, नागपूरचा उतार लागलेला असतो.

बेरीज करून पाहा. चढाईचे शंभर मैल अठरा मिनिटांत, उतरणीचे नव्वद मैल वीस मिनिटांत, आणि मधले उरलेले १९० मैल ४४० नॉटांनी सव्वीस मिनिटांत. एकूण चौसष्ट मिनिटे. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे धरली की सत्तरच्या आसपास. म्हणजे ज्या वेगाचा एवढा गाजावाजा होतो, तो वेग सगळ्या प्रवासात जेमतेम सव्वीस मिनिटांचा पाहुणा असतो.

या २९,००० फुटांच्या आकड्यातही एक शिस्त आहे. पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजारांवर, म्हणजे २७, २९, ३१ हजार फुटांवर आणि पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर उडतात, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये किमान हजार फुटांचे अंतर राहते. त्यामुळे नागपूरला जाताना २९ हजार फुटांवर असलेले विमान परत येताना २८ किंवा ३० हजारांवर असते.

जाण्या-येण्यातला आणखी एक फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून वारा वाहतो. तो ४० नॉटांचा आहे असे धरले, तरी विमान ईशान्येला तिरके जात असल्याने त्यातला सुमारे २८ नॉटांचा जोर पाठीशी लागतो. जाताना साडेतीन-चार मिनिटे वाचतात आणि येताना तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच, खर्च होतात. जास्त यासाठी की समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. वारा जाताना जेवढे देतो त्याहून येताना जास्त वसूल करतो, आणि हे गणित कोणत्याही वेगाला लागू पडते.

भाच्याच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर जमिनीवर आहे. तिकिटावरची निघण्याची वेळ ही चाके धावपट्टी सोडण्याची वेळ नसते. चाकांपुढचे अडसराचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून, ते दुसऱ्या गावी थांबून चाकांपुढे पुन्हा ठोकळे लागतात तोपर्यंतचा काळ वेळापत्रकात मोजतात. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. अनेक छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला रांगत जाण्याची वेगळी वाट, नसतो, त्यामुळे विमानाला धावपट्टीवरूनच दुसऱ्या टोकापर्यंत रांगत जावे लागते, तिथे जागच्या जागी फिरावे लागते आणि मग धाव घ्यावी लागते. दोन्हीकडचे मिळून दहा मिनिटे धरली, तर आपली सत्तर मिनिटे ऐंशी होतात. अंतराला आठशेने भागून त्यात अर्धा तास मिळवायचा, हा जो ढोबळ नियम वापरला जातो, तोही इथे ५२ अधिक ३०, म्हणजे ८२ मिनिटे देतो. यावर विमान कंपन्या आपल्या अनुभवाप्रमाणे थोडी सवड ठेवतात, कारण वेळेआधी पोहोचल्याची तक्रार कुणी करत नाही. विमान दहा मिनिटे आधी उतरले म्हणून घोषणा होते, तेव्हा ती दहा मिनिटे बहुधा वेळापत्रकातच शिल्लक ठेवलेली असतात, असे माझे मत आहे.

मोठ्या शहराशी गाठ पडली की हे प्रमाण आणखी बिघडते. कोल्हापूर-मुंबई अंतर हवेतून अवघे ३०८ किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या निम्म्याहूनही कमी. पण मुंबईच्या आकाशात रांग असते, घिरट्या घालाव्या लागतात, उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवर रांगत राहते. म्हणून निम्म्या अंतराला निम्मा वेळ लागत नाही.

विमानाची जात बदलली की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. प्रादेशिक मार्गांवर दोन पंख्यांचे, सुमारे सत्तर आसनांचे एटीआर ७२ हे विमान पुष्कळ वापरले जाते. त्याचा वेग २७० नॉटांच्या आसपास, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटर. ते फार उंच जात नाही, इंधन कमी पिते आणि छोट्या धावपट्टीवर उतरते. नागपूरच्या ३७९ मैलांना त्याला हवेतच दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागेल, म्हणजे जेटपेक्षा जवळजवळ अर्धा तास जास्त. मुंबईच्या अंतरावर मात्र हा फरक दहा-पंधरा मिनिटांवर येतो, कारण एवढ्या छोट्या पल्ल्यात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. छोट्या गावांसाठी पंख्यांचे विमान म्हणजे काहीतरी दुय्यम, हा समज म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये उडान योजना जाहीर केली, तेव्हा सुमारे पाचशे किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपये ही मर्यादा ठरवली होती. तासाला पाचशे किलोमीटर ही सांगड नेमकी या विमानाच्या वेगाशी जुळणारी आहे.

देशाच्या मधोमध असणे म्हणजे काय, हे नागपूरला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरपासून मुंबई ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. डाकोटाच्या वेगात ही चारही अंतरे एका रात्रीत जाऊन-येऊन बसत होती, म्हणूनच ती योजना शक्य झाली.

देशभर घड्याळ एकच असल्यामुळे आपल्याला निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून सरळ वजा करता येते. दुबईच्या तिकिटावर तसे केले तर फसगत होते. सूर्य मात्र भारतीय प्रमाणवेळ मानत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूरची माध्यान्ह कोल्हापूरच्या एकोणीस मिनिटे आधी होते. संध्याकाळच्या विमानाने नागपूरला उतरल्यावर अंधार अपेक्षेपेक्षा लवकर पडलेला दिसतो, तो याच पावणेपाच अंशांमुळे.

शेवटचे अंतर असे आहे की जे कोणत्याही तिकिटावर नसते आणि बहुतेक वेळा कापलेही जात नाही. नागपूरहून कोल्हापूरला निघणाऱ्या विमानात केवळ ३७९ मैलांपुरते इंधन भरत नाहीत. वाटेतल्या अनपेक्षित वळणांसाठी साधारण पाच टक्के जास्त, कोल्हापूरला उतरता आले नाही तर दुसऱ्या ठरवलेल्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते, आणि तिथे पोहोचल्यावरही घिरट्या घालण्यासाठी अर्ध्या तासाचे, एवढे इंधन हिशेबात धरलेले असते. हा दुसरा विमानतळ समजा बेळगावचा सांबरा असेल, तर तो उजळाईवाडीहून शंभर किलोमीटरच्याही आत आहे. जुलैमध्ये सह्याद्रीवरून सरकत आलेला ढग धावपट्टीवर टेकतो, तेव्हा उजळाईवाडीला पाहुण्यांना न्यायला आलेली मंडळी छत्री सावरत वर बघत उभी असतात. ढगांच्या वर घरघर ऐकू येते, एकदा जवळ येते, पुन्हा एकदा येते, आणि मग दक्षिणेकडे निघून जाते. खालच्या मंडळींचे फोन सुरू होतात. वैमानिकाच्या कागदावर मात्र ते शंभर किलोमीटर सोनेगाव सोडण्यापूर्वीच लिहिलेले असतात.